त्रेपन्न की पस्तीस?

'त्रेपन्न लिही' म्हटलं की दुसरीतलं पोर आधी तीन लिहितं, मग पाच. झाले पस्तीस. पोराचं काय चुकलं? त्यानं ऐकलं तसं लिहिलं. 'त्रे' आधी आलं, 'पन्न' मागून.

ही अडचण हेरून बालभारतीनं 2019 मध्ये दुसरीच्या गणितात 'त्रेपन्न'च्या जोडीला 'पन्नास तीन' हे वाचन दिलं. गणिताच्या समितीच्या अध्यक्ष होत्या मंगला नारळीकर. जूनमध्ये गदारोळ उठला. मराठी बुडाल्याची ओरड झाली, विधिमंडळात थट्टा झाली. पुस्तकात 'त्रेपन्न' होतंच, पण ते पाहायला पुस्तक उघडावं लागतं. बदल का केला हे घरोघरी पोचण्याआधी त्याची टिंगल पोचली.

मला त्या वादाची अजून चीड येते. एवढा नेमका, मुलाच्या बाजूनं केलेला विचार आपण आठवड्याभरात हसण्यावारी नेला.

पुढे 2023-24 मध्ये पाठ्यपुस्तकांत वह्यांची कोरी पानं आली, दप्तर हलकं व्हावं म्हणून. मुलं वह्या आणतच राहिली. दोन वर्षांत पानं बंद.

मग 2025-26 पासून पहिलीला नवा अभ्यासक्रम आला. 16 जूनला बहुतेक शाळा उघडल्या, 17 जूनला पहिलीपासून हिंदी शिकवण्याबद्दलचा आधीचा निर्णय सुधारून नवा शासन निर्णय आला, 29 जूनला हे दोन्ही निर्णय रद्द झाले. त्या निर्णयांना विरोध व्हायलाच हवा होता, माझाही होता. पण त्या धामधुमीत पहिलीचं गणित कसं शिकवायचं, बाईंच्या हाताशी काय आहे, हे कुणी विचारलं?

गेल्या महिन्यात एका द्विशिक्षकी शाळेत तासभर बसलो होतो. बाईंपुढे तीन इयत्ता, एकाच खोलीत. काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे, रबर लावलेले. 'पाच गठ्ठे आणि तीन सुट्या, किती?' समोरच्या मुलानं गठ्ठ्याचं रबर काढलं आणि काड्या मोजायला घेतल्या. बाईंनी अडवलं नाही. गठ्ठ्यात दहाच आहेत याची त्याला स्वतः खात्री करायची होती, आणि दशक समजतो तो तिथेच. नव्या अभ्यासक्रमाला हेच तर हवं आहे.

तेवढ्यात फोन. माहिती बारापर्यंत भरून पाठवा. बाई उठल्या. तिसरीत आरडाओरडा सुरू झाला, कुणाचा तरी पाय लागून काड्या विखुरल्या.

अभ्यासक्रम राबवायचा तो इथे. प्रशिक्षण राज्याकडून जिल्ह्याला, जिल्ह्याकडून तालुक्याला, तिथून केंद्राला असं उतरत येतं आणि वर्गात पोचेतो त्यातला 'का' गळून जातो, 'काय भरून पाठवायचं' तेवढं उरतं. म्हणून माझी मागणी साधी आहे. पुस्तक छापायच्या आधी ते वर्षभर अशाच खोल्यांत शिकवून पाहा. पालकांना शाळेत बोलवा, त्यांच्याही हातात काड्या द्या. आणि सकाळचे पहिले दोन तास शिक्षकाला एकही फोन नको.

बाई परतल्या तेव्हा खिचडीची घंटा झाली होती. सगळे ताटल्या घेऊन पळाले. तो मुलगा मात्र खाली वाकून काड्या गोळा करत होता. एक गठ्ठा बांधून झाला होता, दुसऱ्यासाठी तो रबर शोधत होता.