स्वस्ताईचा सदरा

तीनशे नव्व्याण्णवला शर्ट, त्यावर दुसरा फुकट, तरी काही लोकांची कुरकुर असतेच. म्हणे, एवढ्यात कापूस, रंग, शिलाई, जहाजभाडं बसतं कसं? त्यात मे २०२५पासून बांगलादेशी कपड्यांना खुश्कीचा रस्ता बंद. न्हावाशेवा नाहीतर कोलकात्यालाच उतरायचं. तरी बसतं. बसवावं लागतं.

ही विद्या ढाक्याजवळच्या सावारमध्ये शिकावी. तिथे राना प्लाझा नावाची आठ मजली इमारत होती. जागा भरावाची, वरचे मजले बेकायदा, जनरेटरही वरच. २३ एप्रिल २०१३ला तिला भेगा पडल्या आणि सगळ्यांना बाहेर काढलं. खालच्या बँकेने दुसऱ्या दिवशी शाखा उघडलीच नाही. पैशांच्या जिवाला जपावंच लागतं. वरच्या पाच कारखान्यांतल्या कामगारांना मात्र सांगितलं, या, नाहीतर महिन्याचा पगार विसरा. किमान वेतन तेव्हा ३,००० टाका. त्यातही कापण्याजोगं काहीतरी आहे हे ज्याला दिसलं, त्या मॅनेजरला अर्थशास्त्राचं नोबेल द्यायला हवं होतं. सकाळी वीज गेली, जनरेटर सुरू झाले आणि इमारत बसली. १,१३४ माणसं गेली. त्यांत बायाच जास्त.

आपले कपडे तिथे शिवले जात होते हे काही नामवंत कंपन्यांना आठवेचना. कार्यकर्त्यांनी ढिगाऱ्यातली लेबलं वेचून त्यांची स्मरणशक्ती जागी केली. इमारतीचा मालक बेनापोलला, आपल्या सीमेच्या तोंडाशी सापडला. निर्यातीची सवय, दुसरं काय! आणि भरपाई? शर्ट घट्ट झाला तर दुकानदार आठवड्यात पैसे परत देतो. इथे ३ कोटी डॉलरचा निधी भरेपर्यंत जून २०१५ उजाडला.

पुढे करार झाला, तपासण्या झाल्या, बऱ्याच इमारती भक्कम झाल्या, हे नाकारता येणार नाही. पण २०२३मध्ये कामगारांनी २३,००० टाका पगार मागितला. हाती आले १२,५००, आणि मागणाऱ्यांतल्या काहींना गोळ्या. घासाघीस हा गिऱ्हाइकाचा हक्क, शिवणाऱ्याने त्यात पडू नये.

एवढं होईस्तोवर आपला शर्ट विटलेला असतो. काळजी नको, त्याच्या म्हातारपणाची सोय चिलीत आहे. इकीकेच्या बंदरात जगभरचे जुने आणि न खपलेले कपडे उतरतात. तिथेही ज्यांना कोणी घेत नाही, ते जवळच्या आटाकामा वाळवंटात ओततात. वर्षाला सुमारे ३९,००० टन. पॉलिएस्टर कुजत नाही, पाऊस तर तिथे जवळपास पडतच नाही. तेव्हा स्वस्त माल टिकत नाही असं कोणी म्हणू नये. दोन धुण्यांत जीव टाकणारा तोच शर्ट तिथे आपल्या नातवंडांनाही पुरून उरेल.