पोळीवरचा खटला

स्वारगेटच्या एसटी स्थानकाबाहेर पाव बाजूला सारून नुसता वडा खाणं हेही आता लो-कार्ब व्रतात मोडतं; आतला बटाटा बहुधा फळांत धरतात. पंचेचाळिशीतल्या बाईचं पोट सुटलं की आरोपी ठरलेलाच: पोळी. प्रत्यक्षात रजोनिवृत्तीच्या सुमारास इस्ट्रोजेन घटतं, चरबी मांड्यांवरून पोटाकडे मुक्काम हलवते, स्नायू झिजतात. २०१८ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या, ६०९ जणांवरच्या वर्षभराच्या चाचणीत कमी कार्ब आणि कमी चरबी या दोन्ही गटांचं वजन जवळपास सारखंच उतरलं. (रजोनिवृत्त बायकांना त्यात घेतलंच नव्हतं, त्यांना सल्ले मात्र भरपूर.)

‘पण पहिल्याच आठवड्यात काटा खाली आला!’ आला खरा. त्यात बरंचसं ग्लायकोजेनबरोबर, म्हणजे शरीरात साठवलेल्या कार्बबरोबर, गेलेलं पाणी. आपल्या ताटात भात-पोळीची गर्दी आहे, हे मान्य. आयसीएमआर-इंडियाब पाहणीनुसार भारतीयांच्या सुमारे ६२ टक्के कॅलरी कार्बमधूनच येतात. ती गर्दी हटवावीच, पण तिच्या जागी उसळ, दही, अंडं यावं आणि स्नायूंना काम मिळावं. त्यासाठी महागडी कीटो बिस्किटं कशाला? स्वारगेटच्याच भुयारी मेट्रोचे जिने फुकट आहेत. नवऱ्याच्या पोटाला मात्र अजून खात्यापित्या घरचं लक्षणच म्हणतात.