६४ अक्षरांत न मावलेलं लग्न

भाईंदर पश्चिमेला राहणाऱ्या आमच्या मामांचा पेन ड्राइव्हवर विश्वास नाही. दिलेली छत्री आणि दिलेला पेन ड्राइव्ह नातेवाईक परत करत नाहीत, असं त्यांचं ठाम मत. सीडी कुणी परत मागतच नाही. त्यामुळे मुलाच्या लग्नाचे फोटो सीडीवर वाटायचे ठरले. माझ्या लिनक्सवाल्या जुनाट डेस्कटॉपला अजून सीडी रायटर आहे, ही बातमी कुणीतरी फोडली. कोऱ्या सीडी मामांनी लॅमिंग्टन रोडवरून घासाघीस करून आणल्या.

कमांड दिली आणि सीडीची इमेज बनवणारं ‘जेनआयसोइमेज’ अडून बसलं. म्हणे, दोन फायलींचं जोलिएट नाव एकच आहे.

‘‘एकच कसं असेल? प्रत्येकाच्या शेवटी ००१, ००२ टाकलंय मी!’’ मामा खवळले.

टाकलं होतं खरं. पण त्याआधी पत्रिका होती. ‘श्री कुलस्वामिनी प्रसन्न आमचे येथे श्रीकृपेकरून चि.’ इथून सुरुवात, मग नवरा, मग ‘व चि.सौ.कां.’, मग नवरी आणि सगळ्यांच्या मागे तो बिचारा आकडा.

जोलिएट ही मायक्रोसॉफ्टने विंडोज ९५च्या काळात आणलेली पद्धत. तिच्यात नावाला ६४ चिन्हांची मर्यादा. आपल्या डोळ्यांना ‘श्री’ हे एक अक्षर दिसतं; संगणक श, हलन्त, र आणि वेलांटी अशी चार चिन्हं मोजतो. मधल्या मोकळ्या जागा धरून ‘चि.’पर्यंतच ५१ होतात. (आहेराला शोभेल असा आकडा!) उरलेल्या जागेत नवरा कसाबसा शिरतो, संध्याकाळच्या विरार फास्टमध्ये भाईंदरचा माणूस शिरतो तसा. नवरी फलाटावरच. आकडा तर अजून जिना चढतोय. मग अंतरपाटाचा फोटो काय नि पंगतीचा काय, सगळ्यांचं नाव एकच.

तरी हे उदारच म्हणायचं. सीडीवरच्या फायलींसाठीच्या १९८८च्या मूळ आयएसओ ९६६० मानकात अगदी कडक पातळीवर इंग्रजी कॅपिटल अक्षरं, आकडे आणि अंडरस्कोअर एवढंच चालतं. तेही आठच आणि पुढे टिंब देऊन तीन. लिनक्स त्याची रॉक रिज ही पुरवणी वाचतं, त्यात मोठी नावं राहतात. पण मामांचे नातेवाईक पडले विंडोजवाले. त्यांना दिसणार जोलिएटच. ‘जोलिएट-लाँग’ पर्याय दिला की मर्यादा १०३ वर जाते, पण ते नियमाबाहेरचं. मामांना नियमाबाहेरचं चालणार होतं, मला नाही.

‘‘मामा, आकडा आधी घेऊ या.’’

‘‘अरे, देवीच्या आधी आकडा?’’

‘‘आहेराच्या वहीत तुम्ही आधी आकडाच बघता की,’’ मामी स्वयंपाकघरातून म्हणाल्या.

आकडे पुढे आले, सीडी भाजली गेली. तपासायला अख्खी तबकडी वाचली, तर अगदी शेवटी ‘इनपुट/आउटपुट एरर’. मामांनी कपाळाला हात लावला. यात घाबरण्यासारखं काही नसतं. ट्रॅक-ॲट-वन्स पद्धतीने लिहिलेल्या सीडीच्या टोकाला न वाचता येणारे दोन सेक्टर राहतात आणि पुढचं पुढचं वाचायच्या हौसेपायी लिनक्स त्यांवर जाऊन आदळतं. म्हणूनच इमेजच्या शेवटी १५० रिकामे सेक्टर, म्हणजे ३०० केबी, जोडायची सोय असते. फोटो एकेक करून मूळ फायलींशी ताडून पाहिले; सगळे शाबूत.

तेव्हा मंडळी, फायलीला आधी आकडा द्या आणि पत्रिका वेगळ्या फायलीत ठेवा. कुलस्वामिनी रागवत नाही.