कुंपणावरून सिंधूच्या घरात

"काय गं, डोळे असे का सुजलेत? भांडण की जागरण?"

काकूंच्या मांडीवर मेथीची ताटली, माझ्या खांद्यावर ओल्या चादरी. मध्ये कमरेएवढं कुंपण.

"जागरण हो काकू. काल 'एकच प्याला' नाटक बघितलं. हौशी मंडळींचं होतं, पण शेवटी रडवलंच मेल्यांनी."

"रडवणारच. आमची आजी सांगायची, बालगंधर्व सिंधू व्हायचे तेव्हा पुरुषसुद्धा उपरण्याने डोळे टिपायचे. आणि नाटक लिहिणाऱ्या गडकऱ्यांच्या नशिबात ते बघणंही नव्हतं. जानेवारी १९१९मध्ये गेले, फेब्रुवारीत बडोद्याला पहिला प्रयोग झाला. तेहेतीस वर्षांचे होते गं! बरं, तळीराम कसा झाला?"

"फर्मास! आर्य मदिरा मंडळाच्या प्रवेशात हसून हसून पोट दुखलं. आणि लगेच पुढे सिंधूच्या घरातला प्रवेश आला. मगाशी हसलो त्याची लाज वाटली."

"तीच तर गडकऱ्यांची खोड! अंधार नुसता दाखवत नाहीत. आधी डोळ्यांसमोर दिवा धरतात आणि मग फुंकर मारतात. तळीराम मरायला टेकला तरी डॉक्टर-वैद्यांची जुगलबंदी चालूच. पण सगळी आग त्या तळीरामानेच लावली हो."

"मला नाही तसं वाटत."

काकूंचा मेथी खुडणारा हात थांबला. असं काही म्हटलं की त्यांना आवडतं.

"तळीरामाने पेला भरून दिला इतकंच. तहान सुधाकराची आधीचीच. एवढा हुशार वकील, पण कोर्टात खटका उडाला, सनद अडकली. चारचौघांत झालेला अपमान काही त्याला गिळता येईना. मग दारू गिळली."

"म्हणजे दारूच्या आधी अहंकारच चढला होता म्हण की."

"आणि तोही शेवटपर्यंत उतरला नाही. स्वतः कमवायचं नाही, पण बायकोने, सिंधूने, माहेरचा पैसा घ्यायचा नाही, अशी शपथ मात्र घालायची! ती बिचारी जात्यावर लोकांची दळणं दळते."

"मला तर तो रामलालही नाही आवडत. एवढा शहाणा, सुधाकराला चार गोष्टी सांगणारा. आणि मुलीसारख्या शरदवर मन गेलंच ना त्याचं?"

"पण म्हणूनच तो खरा वाटतो, काकू. त्याचा प्याला दारूचा नव्हता एवढंच. तो सावरला. सुधाकराला दर वेळी वाटत राहिलं, आता हा शेवटचाच."

"आणि सिंधू? तुम्हा आजकालच्या पोरींना तिचा राग येतो म्हणे."

"काल आला. शेजारी बसलेली माझी मुलगी तर म्हणाली, आई, ही निघून का जात नाही? मला उत्तर देता आलं नाही. मला आवडली ती गीता. तळीरामाची बायको असून नवऱ्याला तोंडावर सुनावते."

"गीता आपल्यातलीच गं. कुंपणावरून बोलणारी." काकूंनी देठं बाजूला सारली. "मला त्या नाटकात कशाची भीती वाटते सांगू? माणसं कमी नाहीत तिथे. सधन माहेर आहे, पद्माकरासारखा भाऊ आहे, रामलाल आहे, गीता आहे. सगळ्यांना सगळं दिसतंय, आणि तरीही पोर जातं, ती जाते, शेवटी तोही विष घेतो. ओसाड माळावरचा अंधार परवडला. हा भरल्या घरातला आहे."

"शेवटी तर फौजदार दारात आलेला, पोर गेलेलं, सुधाकराच्या काठीचा मार स्वतः खाल्लेला. आणि ती सांगते, मीच पडले म्हणून. जन्मभर खोटं न बोललेली बाई! तिथे नाट्यगृहात टाचणी पडली असती तरी ऐकू आली असती."

काकू काहीच बोलल्या नाहीत. मला वाटलं, मेथीत अळी सापडली.

"ती कोपऱ्यावरची," त्या हळूच म्हणाल्या. "परवा दळणाला भेटली. कपाळाला पट्टी. म्हटलं, काय झालं? तर म्हणाली, जिन्यावरून पडले."

मी चादर तारेवर टाकत होते. ती तशीच अर्धी लोंबकळत राहिली. कोपऱ्यावरचं घर बैठं आहे. आमच्या अख्ख्या गल्लीत जिना असलेलं घर एकच, ते आमचं.

"तुम्ही काय म्हणालात मग?"

"काय म्हणणार? सांभाळून चाल म्हटलं. पीठ घेतलं नि घरी आले." काकूंनी ताटली कठड्यावर ठेवली. "दोन दिवस झाले."

चादरीचं पाणी टपटप पायावर पडत होतं.

"काकू, तो कामावर कधी जातो?"

"दहाला."

"सव्वादहा झालेत."

काकू गुडघ्यावर हात टेकून उठल्या. "थांब, गॅस बंद करून येते."