मतलई वारे आणि मुलुंडचा मेव्हणा

संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या पश्चिम अंगाला बोरिवली, पूर्व अंगाला मुलुंड. मधे शंभरेक चौरस किलोमीटर जंगल आणि बिबटे. या जंगलामुळे दोन्हीकडच्या रहिवाशांचा एक पक्का समज आहे, की मुंबईतली खरी थंडी आमच्याकडेच पडते. पेपरात तापमान छापतात ते सांताक्रूझचं. बोरिवलीकर ते वाचून मनातल्या मनात दोन अंश वजा करतो, मुलुंडकर तीन. 22 जानेवारी 1962 रोजी सांताक्रूझला 7.4 अंश नोंदले गेले, तो मुंबईचा नीचांक. त्या पहाटे मुलुंडला किती होतं, हे माझा मेव्हणा छातीठोक सांगतो. त्याचा जन्म 1979चा.

ह्या मुलुंडकर मेव्हण्याला घेऊन मी, बोरिवलीकर, समुद्राच्या कडेकडेने दीवपर्यंत गाडीने जायचं ठरवलं. बरोबर बायको आणि मुलगी. हॉटेलात उतरायचं नाही, तंबूत राहायचं. ओमायक्रॉनची लाट चालू होती, त्यामुळे ही कल्पना आरोग्यशास्त्राला धरून आहे असंही सांगता येत होतं. पहिला मुक्काम बोर्डी. 26 जानेवारीची सुट्टी जोडून रजा टाकली आणि रविवारी निघालो.

तो रविवार म्हणजे 23 जानेवारी 2022. पाकिस्तानातून उठलेलं धुळीचं वादळ गुजरातमार्गे मुंबईवर आलं, तो दिवस. समोरचं दिसेना, गाड्यांवर पांढरी पूड बसू लागली. वर्सोव्याच्या पुलाजवळ नेहमीसारखे अडकलो होतो.

"धुकं," मेव्हणा म्हणाला. "मुलुंडला रोजचंच आहे."

मी काचेवर पाणी मारून वायपर चालवला. धुक्याचा चिखल झाला. पुढे चारोटी येईपर्यंत काचेवरच्या दोन अर्धवर्तुळांतून जेवढा महामार्ग दिसला तेवढ्यावर भागवलं.

बोर्डीचा किनारा लांबच लांब, सपाट, कडेला सुरूची झाडं. ओहोटीला समुद्र इतका आत जातो की तो आपल्याला टाळतोय असं वाटावं. किनाऱ्याला लागूनच असलेल्या एका चिकूच्या वाडीत जागा मिळाली होती. हा सगळा पट्टा चिकूचा. डहाणू-घोलवडच्या चिकूला 2016 साली भौगोलिक मानांकनही मिळालं. वाडीच्या मावशींनी तंबूकडे पाहिलं, आभाळाकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "खोली रिकामी आहे हो." बायको आणि मुलगी तेव्हाच आत गेल्या. आम्हा दोघांना मात्र आपापल्या उपनगराची अब्रू राखायची होती.

तंबू आपोआप उघडणारा होता. पिशवीची चेन ओढली तसा तो झेपावून उघडला आणि मेव्हण्याचा चष्मा उडाला. आता तोंड कुठे करायचं? मेव्हणा म्हणाला, वाडीकडे. मी त्याला शाळेतला भूगोल ऐकवला : दिवसा समुद्रावरून येतात ते खारे वारे, रात्री जमिनीवरून समुद्राकडे जातात ते मतलई वारे. म्हणजे रात्री पाठ वाडीकडे आणि दार समुद्राकडे, झोप निवांत. वाळूत खुंट्या ठोकल्या. त्या फारच सहज गेल्या, आणि त्याचं मला कौतुकच वाटलं.

त्या रात्री वारा वायव्येचा होता. तो थेट समुद्रावरून आमच्या दारात आला, आत शिरला आणि तंबू भाकरीसारखा टम्म फुगला.

मॅगीसाठी छोटा स्टोव्ह आणला होता. संजाण पडल्यावर पारशांनी आपला पवित्र अग्नी, इराणशहा, इथून जवळच बहरोटच्या डोंगरातल्या गुहांत बारा वर्षं तेवत ठेवला, अशी परंपरा आहे. काडीपेटी संपत आली तेव्हा त्या पूर्वजांविषयीचा माझा आदर फार वाढला. मॅगी कोरडीच खाल्ली. मेव्हणा म्हणाला, कुरकुरीत छान लागते.

मग झोपायचं नाटक सुरू झालं.

"भाऊजी, उकडतंय का हो जरा?"

"थोडंसं. चेन अजून उघडू का?"

"उघडा ना. पंखा असता तर बरं झालं असतं."

मी चेन पूर्ण उघडली. थोड्या वेळाने त्याच्या बाजूने खसखस ऐकू आली. मोबाइलचा उजेड पाडला तर गृहस्थ चिकूच्या रिकाम्या गोणीत कमरेपर्यंत शिरलेले. "पायांना वाळू लागतेय," तो म्हणाला. मी काही बोललो नाही, कारण गाडीच्या पुढच्या काचेला लावायचा चंदेरी पडदा मी केव्हाच बनियनच्या आत सरकवला होता. कूस बदलली की तो कडकड वाजायचा.

शेवटी "वारा बघून येऊ" असं म्हणत दोघेही बाहेर पडलो. तंबूत वजन म्हणून होतो ते आम्हीच. खुंट्या गेल्या तशाच सहज निघाल्या. राज्यात रात्री अकरानंतर बाहेर फिरायला मनाई होती, पण तंबूने निर्बंधांची पर्वा न करता किनारा धरला. आम्ही मागे, मेव्हणा अजून गोणीतच, उड्या मारत. सुरूच्या एका खोडाने त्याला अडवलं; तंबूला आणि मग मेव्हण्यालाही.

असा तंबू उघडतो आपोआप, मिटत मात्र नाही. तीन ठिकाणी पीळ देऊन आठाचा आकडा करायचा, असं कापडावर चित्र होतं. मी एका कडीवर बसलो, दुसरी उसळून मेव्हण्याच्या हनुवटीला लागली. तो तिच्यावर आडवा पडला, तर माझ्याखालची सुटली. या झटापटीत मावशी बॅटरी घेऊन आल्या. हातात रजई.

"थंडी वाजत असेल ना?"

"यांना वाजत असेल," मेव्हणा म्हणाला.

"छे, यालाच द्या," मी म्हणालो.

मावशींनी रजई ओसरीवरच्या बाकावर टाकली आणि दिवा न मालवता निघून गेल्या. सकाळी ती कोणाच्या अंगावर होती, यावर अजून एकमत नाही.

दीव बायकोने रद्द केलं. कालीपत्ती चिकूची पेटी घेतली, न मिटलेला तंबू टपावर दोरीने आवळला आणि परत फिरलो. मेव्हण्याला आधी मुलुंडला सोडायचं म्हणून पुलानंतर घोडबंदरकडे वळलो, तेव्हा त्याने घरी फोन लावला.

"अगं, पाणी तापत ठेव. कडक. आणि आल्याचा चहा." जरा थांबला. "मला? मला कशाला? भाऊजी येतायत."

आम्ही त्यांच्याकडे थांबणार नव्हतोच.