चार लाख बाट यांस जाहीर पत्र

श्री. चार लाख बाट,
मुक्काम बचत खाते, थायलंड
यांस सप्रेम नमस्कार वि. वि.

पत्रास कारण की, नुकतीच मी पन्नाशी गाठली आणि थायलंड सरकारच्या लेखी म्हातारा व्हायला पात्र ठरलो. पन्नास पूर्ण केलेल्या परदेशी माणसाला इथे 'निवृत्त' म्हणून मुक्कामाला वर्षभराची मुदतवाढ मागता येते. आजवर मी ती 'थाई बाईचा नवरा' म्हणून मागत आलो. आता नवरेपण सोडून निवृत्ती घ्यावी का, यावर घरात खल सुरू आहे. तुम्हाला विचारल्याशिवाय तो मिटणार नाही, कारण या संसारात माझ्यापेक्षा तुमच्या शब्दाला वजन.

मी इथे उतरलो तो पर्यटक व्हिसावर. मग टीएम ८६ हा फॉर्म आणि २,००० बाट भरून पर्यटकाचा 'नॉन-इमिग्रंट ओ' झालो. त्यावर ९० दिवस मिळाले. ते संपायच्या आत टीएम ७ आणि आणखी १,९०० बाट भरले, की वर्षाची सोय. पण हे फॉर्म पुढे सरकले ते तुमच्यामुळे. थाई बायकोच्या परदेशी नवऱ्याने महिन्याला ४०,००० बाट मिळकत दाखवावी, नाहीतर तुम्हाला अर्जाआधी दोन महिने थाई बँकेत बसवून ठेवावं, असा नियम आहे. शाळेत इंग्रजी शिकवून माझे चाळीस हजार होत नाहीत, म्हणून तुम्हाला बसावं लागलं.

थाई नवऱ्याच्या परदेशी बायकोला मात्र अशी ठेव दाखवावी लागत नाही. नवरा तिला पोसेल, हे सरकारने गृहीत धरलंय. आमच्या घरी महिनाअखेरीला बाजारातल्या सोमतामच्या, म्हणजे कच्च्या पपईच्या कोशिंबिरीच्या, गाड्यावर चूल चालते आणि तो गाडा बायकोचा आहे. पण बायकोने नवऱ्याला पोसण्यासाठी फॉर्ममध्ये रकाना नाही. त्या रकान्याच्या जागी तुम्ही आहात.

एरवी कागदांना तोटा नाही. आमच्या लग्नाच्या नोंदीचा 'खो रो २' हा उतारा सातबाऱ्यासारखा दरवर्षी ताजा काढायचा. बायकोचं ओळखपत्र आणि घराचं निळं नोंदणीपुस्तक यांच्या झेरॉक्स काढून पानापानावर सह्या करायच्या. घराकडे यायचा नकाशा द्यायचा. आमच्या नकाशात बौद्ध विहार आहे, सेवन-इलेव्हन आहे आणि एक कायम झोपलेलं कुत्रं आहे. शिवाय फोटो. एक दाराबाहेर, घरक्रमांक दिसेल असा. एक बैठकीत. एक निजायच्या खोलीत, पलंगाच्या काठावर. त्यात दोघांनी असं बसायचं की नवरा-बायको वाटावं, पण फार नको. दरवर्षी तोच पलंग आणि तीच चादर असते, म्हणून निदान शर्ट बदलावा लागतो.

तुमचा मात्र फोटो लागत नाही. तुमच्यासाठी बँकेचं पत्र पुरतं. शिवाय अर्जाच्या दिवशी सकाळी शंभर बाट भरून पासबुकात ताजी ओळ उमटवून घ्यायची, म्हणजे तुम्ही रात्रीतून पळाला नाहीत याची खात्री पटते. माझी अशी चौकशी सासूबाईंनीही कधी केली नाही.

खोटी लग्नं लावून राहणारे महाभाग असतात, तेव्हा तपासणी हवी हे मला मान्य. पण निवृत्तीची कलमं वाचली आणि डोकं चक्रावलं. तिथे ना उतारा, ना पलंग. बायकोचं नावसुद्धा कुणी विचारत नाही. फक्त बँकेत आठ लाख हवेत, किंवा महिन्याला ६५,००० येत असावेत. म्हणजे बायकोसकट चार लाख, बायकोशिवाय आठ. सरकारी हिशेबात माझ्या बायकोची किंमत बरोबर तुमच्याएवढी भरते. हे तिला सांगितलं, तर तिने मिरची कुटता कुटता विचारलं, "वर्षाला, की एकदाच?"

जाणते मित्र म्हणतात, आठ लाख जमव आणि सुट्टा हो. बायको रुसली तरी मुदत रुसणार नाही. पण निवृत्ताला नोकरी करता येत नाही. मग शाळा सुटली. आणि तुमची तर जन्मठेप! २०१९ पासूनच्या नियमाने आठ लाख अर्जाआधी दोन महिने आणि मंजुरीनंतर तीन महिने तसेच राहायला हवेत. उरलेल्या वर्षातही खात्यात तुमच्याहून कमी शिल्लक चालत नाही. तुम्ही माझे, पण मी आजारी पडलो तरी तुम्हाला हात लावायचा नाही. लग्नाच्या मुदतवाढीत असं नाही. अर्ज 'विचाराधीन' आहे तोवर दम धरायचा आणि वर्षाचा शिक्का पडला की तुम्ही मोकळे, पुढच्या अर्जाआधी दोन महिने परत आलात की झालं.

बाकी जाच दोन्हीकडे सारखाच. दर ९० दिवसांनी टीएम ४७ भरून 'आहे तिथेच आहे' हे कळवायचं. रीएंट्री परमिट न काढता पुण्याला भाचीच्या लग्नाला गेलो, तर वर्षाची मुदत विमानतळावरच बाद. त्यातून नवराही सुटत नाही आणि निवृत्तही.

तेव्हा माझा निर्णय झाला. मी नवराच राहतो. ज्या वर्गात पैशाला सुट्टी मिळते, तोच वर्ग संसाराला परवडतो. शिक्का पडला की तुमच्यातल्या ऐंशी हजारांनी बाहेर पडून स्वयंपाकघरावरचे गळके पत्रे बदलायचे, असं बायकोने ठरवलं आहे. तुमचं मत विचारलेलं नाही. माझंही नाही.

आपला,
नावापुरता मालक

ता. क. : पलंगावरच्या फोटोसाठी यंदा चादर नवी घेतली आहे. तिचे पैसे तुमच्यातूनच जातील.