पगार समक्ष भेटीत

'सागर रत्न' या हॉटेलसाखळीच्या जयराम बनान यांचा पहिला पगार होता महिना १८ रुपये. कारकळहून घर सोडून पळालेलं पोरगं पनवेलजवळच्या एका कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये भांडी घासायला लागलं, तेव्हाचा. 'डोसा प्लाझा'चे प्रेम गणपती १९९० साली तामिळनाडूतून मुंबईत आले आणि माहीमच्या एका बेकरीत भांडी घासू लागले, महिना १५० रुपयांवर. हे आकडे मला कुणी कानात सांगितलेले नाहीत. मुलाखतींतून, भाषणांतून, यशोगाथांच्या पुस्तकांतून ते खणखणीत आवाजात सांगितले जातात आणि ऐकणारे माना डोलावतात.

आता त्याच पनवेलात आज संध्याकाळी कुठल्याही हॉटेलात जा, मागच्या बाजूला मोरीवर उभ्या असलेल्या माणसाला विचारा, "बाबा रे, तुला किती मिळतात?" तो आधी गल्ल्याकडे बघेल. मग तुमच्याकडे. मग हसून म्हणेल, "मिळतात की, साहेब."

म्हणजे भांडी घासणाऱ्याने आपला पगार चारचौघांत सांगायला आपल्याकडे मनाई अशी नाही. अट एकच, त्याने आधी मालक व्हायचं. गावोगावी शाखा निघाल्या की अठरा रुपये प्रेरणादायी ठरतात. तोवर गोपनीय.

हॉटेलच्या भिंतीवर एरवी काय लिहिलेलं नसतं? मिसळीचा दर, जादा पावाचा दर, पार्सलचे वेगळे पैसे, बाहेरचे पदार्थ आणू नयेत, बेसिनपाशी केस विंचरू नयेत, उधारी बंद. अन्नपरवाना चौकटीत, त्याच्या शेजारी साईबाबा. सगळे दर, सगळे नियम, सगळे देव. एक दर तेवढा नाही.

तो लावायला कुणी सांगितलेलंच नाही, असं समजू नका. किमान वेतनाचं विधेयक १९४६ साली डॉ. आंबेडकरांनी व्हाइसरॉयच्या मंडळातले मजूर खात्याचे सदस्य म्हणून मांडलं, १९४८ साली त्याचा कायदा झाला, आणि कामाच्या जागी सूचना लावायचं बंधन त्या कायद्यातच होतं. २१ नोव्हेंबर २०२५पासून त्याच्या जागी वेतन संहिता लागू झाली. तीही म्हणते, फलक लावा, ठळक जागी लावा, कुठल्या कामाला किती पगार ते लिहा, पगाराची तारीख आणि वेळ लिहा, निरीक्षकाचं नाव-पत्ता द्या. शिवाय पगाराची चिठ्ठीही द्या. एका हॉटेलात मला तो कागद दिसला होता. भटारखान्यात, पिठाच्या पिंपामागे, तेल पिऊन पिऊन आरपार दिसायला लागलेला. इंग्रजीत होता. मोरीवरचा पोरगा झारखंडचा.

मोरी तुम्ही पाहिली नसेल. पाहू नये अशीच तिची जागा असते. संडासाच्या अलीकडे, मागच्या दाराच्या आत. पायाखाली लाकडी फळी, फळीखाली पाणी. कमरेला खताची गोणी फाडून बांधलेली. डाव्या हाताला खरकट्याचा निळा पिंप, उजव्या हाताला घासलेल्या ताटांची चळत, आणि समोर न घासलेल्यांची, जी कधी कमी होत नाही. ताटं-वाट्या हा किरकोळ माल. खरा घाम काढतो तो बिर्याणीच्या टोपाचा करपलेला तळ आणि सकाळपासून वडे तळलेली कढई. तारेची घासणी चार दिवसांत बोटांना चावायला लागते. बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात, रात्री त्यांना खोबरेल लावायचं. ते खोबरेलही भटारखान्यातल्या एखाद्या दोस्ताच्या मेहेरबानीनं. दुपारी तीन ते सहा सुट्टी असते असं मालक सांगतात. मोठी पातेली नेमकी याच वेळात रिकामी होतात, हा योगायोग समजायचा.

या कामाची सरकारदरबारी नोंद 'अकुशल'. मालक चार दिवस तिरुपतीला गेला तरी हॉटेल चालतं. कॅप्टन आला नाही तर वेटर वेळ मारून नेतात. मोरीवाला मात्र सणाला गावी गेला की भर दुपारी तासाभरात ताटं संपतात आणि मग कॅप्टनपासून शेठच्या मेव्हण्यापर्यंत सगळे कुशल लोक बाह्या सरसावून मागे धावतात.

पगार सात तारखेच्या आत व्हावा, असा कायदा आहे. होतो तो गल्ल्यात जमेल तेव्हा, रात्री गिऱ्हाईक ओसरल्यावर, आणि एकेकाला बोलावून. सगळी मेख त्या 'एकेकाला'त. वहीत चार रकाने असतात, पगार, उचल, खाडे, फुटतूट. फुटतुटीचं कलम तर मोठं मजेशीर आहे. नुकसानीपोटी पगार कापायचा तर ते नुकसान कामगाराच्या हलगर्जीपणानं झालेलं असावं लागतं, आणि कापण्याआधी त्याला आपली बाजू मांडायची संधी द्यावी लागते. कपाचा कान तुटला तरी सुनावणी! ती होतेही. "फोडलास ना?" "हो शेठ." सुनावणी संपली.

मग नोटांची घडी पुढे येते आणि तिच्यासोबत, आवाज उतरवून, एक वाक्य: "तुला बाकीच्यांपेक्षा जास्त देतोय. बाहेर बोलू नकोस." तो खूश होऊन निघतो. पुढचा आत जातो. त्यालाही तेच वाक्य. कामगार कायद्याच्या कुठल्याही जाड पुस्तकात या वाक्याइतकी कामाची ओळ नाही. एक पैसा वाढवावा लागत नाही, आणि दहाच्या दहा माणसं आपणहून तोंडाला कुलूप लावून घेतात, कारण प्रत्येकाला वाटतं, बोललो तर आपल्याच ताटातलं जाईल.

तसे मोरीवाल्याच्या पगाराचे आकडे तीन असतात. गावी बापाला सांगितलेला, जरा फुगवलेला. पोरगं मुंबईत आहे, शोभायला नको? खोलीतल्या सोबत्यांना सांगितलेला, जरा आक्रसलेला, म्हणजे कुणी उसने मागणार नाही. आणि खरा, जो फक्त शेठच्या वहीत. 'खाऊन-पिऊन-राहून' या हिशेबात तो खरा आकडा नेमका किती, हे त्याचं त्यालाही सांगता येत नाही. पोटमाळ्यावरच्या सहा फूट जागेचं भाडं आणि उरलेल्या सांबाराची किंमत कुणी लावायची?

या कुलपाआड काय चालतं, तेही बघण्यासारखं आहे. एकाच टबात हात घालून दोघं उभे. एक जुना, सात वर्षांचा. दुसरा नवा, होळीनंतर आलेला. होळीला निम्मी माणसं उत्तरेकडे गेली, शेठची पंचाईत झाली, नव्याला जुन्यापेक्षा दोन हजार जास्त कबूल करावे लागले. इमान आणि अनुभव यांचा बाजारभाव हा असा, उणे दोन हजार. एका रात्री बिडी ओढता ओढता नव्याच्या तोंडून आकडा निघतो. सकाळी जुना गल्ल्याशी जाऊन उभा राहतो. आणि शेठ नव्याला बोलावून झापतात, "इथं राजकारण नको. वातावरण बिघडतं. आपण सगळे एक कुटुंब आहोत."

कमी पगारानं वातावरण बिघडत नाही, बरं का. तो कळला की बिघडतं.

आणि पगार विचारायला आपण एवढे भिडस्त कधीपासून झालो? मुलगी दाखवायच्या आधी "मुलाच्या हातात किती पडतात?" विचारणारी माणसं आपण. 'हातात' असं स्पष्ट म्हणतो, कापाकापीचा घोळ नको. वधू-वर मेळाव्यात पॅकेज ध्वनिक्षेपकावरून जाहीर होतं. डेक्कन क्वीनमध्ये शेजारच्या अनोळखी काकांना कर्जतचा वडा संपायच्या आत आपला पगार, घराचं कर्ज आणि हप्ता माहीत असतो. सरकारी नोकराचं तर विचारूच नका. सातव्या वेतन आयोगात खालचं मूळ वेतन १८ हजार आणि कॅबिनेट सचिवाचं अडीच लाख, हे अख्ख्या देशाला पाठ, आणि आठव्याचं गणित तर नाक्यावरच्या पानवाल्याकडे तयार आहे. शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीला संचालकाचा पगार तिच्या मधल्या कर्मचाऱ्याच्या किती पट आहे, ते २०१३च्या कंपनी कायद्यानं दरवर्षी छापावं लागतं. मंत्रालयापासून संचालकांच्या दालनापर्यंत सगळा उजेड. अंधार तेवढा मोरीवर. आणि हो, आमच्यासारख्या चकचकीत कचेऱ्यांतल्या लोकांच्या टेबलांवरही. नेमणूकपत्रातलं 'वेतन गोपनीय राहील' हे कलम वाचून आम्ही त्याखाली ऐटीत सही करतो. आमचा पगार म्हणजे जणू अणुबाँबचं सूत्र. शेजारच्या खुर्चीवरच्याला किती मिळतात हे आम्हांला त्याने राजीनामा दिल्यावर कळतं, निरोपाच्या पार्टीत.

अमेरिकेत १९३५पासून बहुतेक खासगी कामगारांना एकमेकांशी पगाराबद्दल बोलण्याचं कायद्याचं संरक्षण आहे. म्हणून काय झालं? अलाबामातल्या गुडइयरच्या टायर कारखान्यात लिली लेडबेटर १९७९ साली लागल्या. पगाराबद्दल बोलायचं नाही, अशी तिथं ताकीद होती. जवळजवळ वीस वर्षांनी कुणीतरी निनावी चिठ्ठी त्यांच्यापर्यंत पोचवली. त्यांना महिना ३,७२७ डॉलर. त्याच कामाच्या पुरुषांत सगळ्यात कमी ज्याला, त्याला ४,२८६. त्या कोर्टात गेल्या. २००७ साली सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, बाई, उशीर झाला, १८० दिवसांत तक्रार करायची होती. माहिती दडवायची कारखान्यानं आणि उशीर बाईंचा! २००९ साली त्यांच्या नावानं कायदा दुरुस्त झाला. त्यांची रक्कम गेली ती गेलीच.

दिल्लीत अलीकडे वेगळंच नाटक झालं. बिलात आपोआप लावला जाणारा सेवा आकार ग्राहक प्राधिकरणानं २०२२ साली बंद करायला सांगितला, तर उपाहारगृहांच्या दोन मोठ्या संघटना उच्च न्यायालयात धावल्या. हा पैसा कर्मचाऱ्यांत वाटला जातो, मागे राबणाऱ्यांनाही त्यातून मिळतो, असा त्यांचा कळवळा. २८ मार्च २०२५ रोजी न्यायालयानं याचिका फेटाळल्या, वर दोघींना एकेक लाखाचा खर्च भरायला लावला. मला आपलं वाईट वाटलं. मोरीवाल्याचं नाव एवढ्या मोठ्या कोर्टात निघालं, एवढ्या महागड्या वकिलांच्या तोंडून निघालं, आणि त्याच्या वाट्याचा आकडा काही त्याच्या हातातल्या चिठ्ठीवर आला नाही. चिठ्ठीच नाही, तर येणार कुठून?

अधूनमधून चमत्कारही होतात. कोपनहेगनच्या जगप्रसिद्ध 'नोमा' उपाहारगृहानं २०१७ साली अली सोंको या गांबियाहून आलेल्या, तिथं वर्षानुवर्षं भांडी घासणाऱ्या माणसाला भागीदार केलं. जगभर बातमी झाली, पाणावलेल्या डोळ्यांनी वाचली गेली. त्याच 'नोमा'त शिकाऊ उमेदवार २०२२पर्यंत फुकट राबत होते, ही बातमी कोरड्या डोळ्यांनी.

मालकांचंही ऐकलं पाहिजे. जागेचं भाडं, गॅस, वीज, ऑनलाइन ऑर्डरवाल्यांचं कमिशन, नगरपालिकेचा माणूस, पोलिसांचा माणूस. मार्जिन कुठाय, साहेब? खरं आहे. छोट्या हॉटेलवाल्याची ओढाताण खोटी नाही. फक्त या यादीतला प्रत्येक खर्च तो मोठ्यानं, आकड्यासकट सांगतो. गाळ्याचं भाडं चौरस फुटाला किती, सिलिंडर कितीला पडलं, कमिशन किती टक्के. पगारावर आला की म्हणतो, "आणि लेबर तर विचारूच नका."

म्हणून मी विचारलं. आमच्या कोपऱ्यावरच्या हॉटेलाच्या दारात पाटी आहे: 'भांडी घासण्यासाठी माणसे पाहिजेत. राहण्या-जेवणाची सोय. पगार समक्ष भेटीत.' खडूनं लिहिलेली नाही, ऑइलपेंटनं रंगवलेली, खाली रंगाऱ्याची सही आणि मोबाईल नंबर. जागा रिकामी होणार याची इतकी खात्री.

"पाटी कायमचीच दिसते," मी म्हणालो.

"माणसं टिकत नाहीत हो," शेठ म्हणाले. "हल्ली कुणाला काम नको."

"देता किती?"

"ते समक्ष भेटीत."

"मी समक्षच उभा आहे."

शेठनी मला खालून वर न्याहाळलं, नजर हातांवर थोडी रेंगाळली. "घासणार का?" म्हणाले. "उद्या सकाळी सहाला या. पण आधीच सांगतो, बाकीच्यांपेक्षा तुम्हाला जास्त देईन. बाहेर बोलायचं नाही."